आप्पांचा ब्रश आणि माझी दोन मिनिटं

आमच्या घरात रोज पहाटे सव्वापाचला एक भुणभुण सुरू होते. दर तीस सेकंदांनी ती क्षणभर अडखळते, पुन्हा सुरू होते आणि दोन मिनिटांनी आपोआप थांबते. आप्पा दात घासत असतात. मधेच बेसिनवरच्या आरशात लाल ठिपका चमकला, तर समजायचं की त्यांनी ब्रश जोरात दाबला. आप्पा त्या ठिपक्याकडे रागाने बघतात, हात सैल करतात, ठिपका विझतो.

पस्तीस वर्षं पिंपरीत फिटर म्हणून काम केलेल्या माणसाला अडुसष्टाव्या वर्षी एक ब्रश सांगतोय, की तुझा हात चुकतोय. सुरुवातीला मला याची गंमत वाटली, मग थोडी लाज वाटली. आता गेले काही महिने त्यातून निघालेला एक प्रश्न डोक्यात ठाण मांडून बसलाय. यंत्राने आपली चूक दाखवणं ही मदत असते की अपमान? आणि ते यंत्र दुसऱ्याच्या हातात आपणच आणून ठेवलेलं असेल, तर आपण नक्की काय केलं? त्याला मदत केली, की स्वतःची सुटका करून घेतली?

गेल्या वर्षी आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. थोडक्यात निभावलं. चालणं परत आलं, बोलणं जरा जड झालं, पण उजवा हात पूर्वीसारखा राहिला नाही. बटणं, चमचा, दाढी, दात असं सगळं डाव्या हातावर आलं. साधा ब्रश त्यांच्या डाव्या मुठीत फिरायचा, निसटायचा. पहिले काही आठवडे त्यांचे दात मी घासून दिले.

ज्यांनी हे काम कधी केलं नसेल त्यांना सांगतो, दुसऱ्याचे दात घासणं हे फार जवळचं आणि फार अवघडलेलं काम आहे. बापाच्या तोंडात आपण सहसा बघत नाही. बघायला लागलो की त्याचं वय कळतं. मी उभा राहायचो, ते खुर्चीत बसायचे, डोळे मिटून घ्यायचे. आम्ही दोघंही एक शब्द बोलायचो नाही.

माझी फर्स्ट शिफ्ट असते. कंपनीची बस पावणेसहाला भोसरीतून निघते, मोशी, इंद्रायणीचा पूल, चिंबळी फाटा, कुरुळी करत चाकणला पोचते. दोनदा बस चुकली. तिसऱ्यांदा चुकली त्या दिवशी संध्याकाळी मी इलेक्ट्रिक टूथब्रश शोधायला बसलो.

शोधायला बसलं की पहिली गोष्ट दिसते ती म्हणजे मोड. क्लीन, व्हाइट, गम केअर, सेन्सिटिव्ह, डीप क्लीन, कुठे जिभेसाठी वेगळा. जितकी किंमत जास्त तितके मोड जास्त. मला वाटलं, प्रत्येक मोडमध्ये ब्रश काहीतरी वेगळं काम करत असेल. तसं फारसं नसतं. आत एकच मोटर असते. सेन्सिटिव्ह मोडमध्ये ती हळू किंवा कमी जोराने हलते. गम केअरमध्ये बहुतेक वेळा वेग कमी-जास्त होत राहतो, काही ब्रशमध्ये वेळ थोडा वाढतो. व्हाइट मोड दातांवरचे चहाचे, तंबाखूचे वरवरचे डाग घासून काढायला मदत करतो. दाताचा मूळ रंग त्याने बदलत नाही.

खरा फरक वेगळ्याच गोष्टींचा असतो. काही ब्रशचं डोकं गोल असतं आणि ते मागेपुढे गरगरतं. सोनिक म्हणतात त्यांचं डोकं लांबट असतं आणि ते मिनिटाला तीसेक हजार वेळा थरथरतं. दोन्ही चालतात. दोन मिनिटांचा टायमर हवा, तोंडाचे चार भाग पाडून दर तीस सेकंदांनी जागा बदलायची खूण करणारा असला तर बरं. जोर जास्त झाला की सांगणारा सेन्सर हवा. डोकं साधारण तीन महिन्यांनी बदलावं लागतं, म्हणून ते सहज मिळणारं आणि परवडणारं हवं. आणि ब्रश कुठलाही असो, कीड रोखायचं मुख्य काम पेस्टमधलं फ्लोराइड करतं. इलेक्ट्रिक ब्रश वापरताना हात घासायचा नसतो, फक्त धरायचा असतो. दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे टेकवून एकेका दातावर सावकाश सरकवायचा. ज्यांनी आयुष्यभर खसाखसा घासलंय त्यांना हेच सगळ्यात अवघड जातं.

फायदा किती, हेही मी शोधलं. कॉक्रेन या संस्थेने २०१४ साली ५६ चाचण्या एकत्र करून बघितल्या. साध्या ब्रशच्या तुलनेत दातांवरचा थर पहिल्या तीन महिन्यांपर्यंत ११ टक्के कमी आणि त्यानंतर २१ टक्के कमी. हिरड्यांची सूज ६ आणि ११ टक्के कमी. रोजच्या जगण्यात त्याचा नेमका किती उपयोग होतो हे मात्र स्पष्ट नाही, असंही त्यांनी तिथेच म्हटलंय. म्हणजे धडधाकट हाताच्या, नीट दोन मिनिटं घासणाऱ्या माणसाला तीस रुपयांचा ब्रश पुरतो.

मी दोन हजारांच्या आतबाहेरचा घेतला. चार मोड, एक लाल दिवा.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये शेजारच्या ट्रेनी पोराने मोबाइलवर त्याचा फोटो बघितला. किंमत ऐकून म्हणाला, "दादा, दात घासायला दोन हजार?" मग जरा वेळाने हळूच विचारलं, "यातल्या व्हाइट मोडने तंबाखूचे डाग जातात का?" तिसऱ्या पाळीत झोप येऊ नये म्हणून तो तंबाखू मळतो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तंबाखू-चुना कुठल्याही टपरीवर मिळतो. मी म्हटलं, वरचे डाग थोडे जातील. पण तंबाखू आत जे करतो त्याच्यावर कुठलाच मोड नाही. तो हसला. हसताना दिसले ते दात बाविशीतल्या पोराचे नव्हते.

त्याच्याकडे निवड नव्हती असं मी म्हणणार नाही. पण त्याची निवड ब्रशच्या बटणावर नव्हती. ती पाळीच्या वेळापत्रकात होती, ओव्हरटाइममध्ये होती, कंत्राट पुढे वाढेल का या काळजीत होती. आपल्याला जिथे चार-पाच पर्याय मांडून दाखवले जातात, तिथे सहसा फार काही ठरत नाही. जिथे ठरतं तिथे बटण नसतं. हे मला माझ्याही बाबतीत पुढे कळणार होतं.

दात घासण्यात चूक काय आणि बरोबर काय, हा वाद नवा नाही. माझी आजी मिश्री लावायची. तव्यावर तंबाखू भाजून केलेली काळी पूड, बोटावर घेऊन हिरड्यांवर चोळत ती दारात तासभर बसायची. दात स्वच्छ राहतात म्हणायची. दात हे निमित्त होतं, तिला तलफ होती. पण त्या तासात तिला कोणी काम सांगायचं नाही, हाही त्या मिश्रीचा एक भाग होता. आप्पा लहानपणी राखुंडीने घासायचे, मग माकड छाप काळी पावडर आली, मग कडक दातांचा ब्रश. जितकं कडक तितकं स्वच्छ, हा त्यांचा ठाम समज. त्यांच्या हिरड्या खाली उतरल्या आहेत त्या यानेच, असं दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं.

गंमत म्हणजे हा इशारा चरकसंहितेत आहे. दातवणाचं टोक चावून मऊ करावं, दिवसातून दोन वेळा दात घासावेत आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असं तिथे सांगितलंय. म्हणजे जो लाल दिवा आज आप्पांना दटावतो, त्याचं वाक्य दीडदोन हजार वर्षांपूर्वीच लिहून झालं होतं. फरक इतकाच की ग्रंथ सांगून गप्प बसतो. दिवा मात्र नेमका चूक होते त्या क्षणी लागतो.

आमच्या भागात अशा दिव्यांची सवय सगळ्यांना आहे. मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीमध्ये आहे. लाईनवर बोल्ट आवळायला टॉर्क रेंच असतो. ठरलेला जोर लागला की तो टक् करतो. आवळणाऱ्याचा अंदाज तिथे चालत नाही. आप्पांच्या तरुणपणी हाताचा अंदाज हेच कौशल्य होतं. कुठला नट किती आवळायचा हे मनगटाला कळायचं. त्यांच्या खात्यात पहिल्यांदा टॉर्क रेंच आले तेव्हा जुने फिटर चिडले होते, असं ते सांगतात. "आमच्या हातावर इश्वास नाय राहिला," असं एक जण म्हणाला होता. आप्पाही चिडले होते का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "पहिला महिनाभर. मग बरं वाटलं. घरी आल्यावर आठवत बसावं लागायचं नाही, तो नट आवळला का नाही."

जपानमध्ये शिगेओ शिंगो नावाच्या इंजिनिअरने अशा साधनांचा पद्धतशीर विचार केला. पार्ट उलटा बसूच नये, एखादा स्क्रू राहिला तर पुढचं काम अडावं, अशी व्यवस्था. तिला आधी 'बाका-योके' म्हणायचे. बाका म्हणजे मूर्ख; मूर्खापासून बचाव. शिंगो यांनीच सांगितलेली हकीकत आहे, की एका कारखान्यात असं साधन बसवल्यावर तिथल्या एका कामगार मुलीला रडू आलं, आपण इतक्या मूर्ख आहोत का म्हणून. मग त्यांनी शब्द बदलला. 'पोका-योके' झालं. पोका म्हणजे नकळत झालेली चूक.

ट्रेनिंगमध्ये ही गोष्ट सांगितली की पोरं हसतात. मला ती हसण्यासारखी वाटत नाही. साधन तेच, खीळ तीच, स्क्रू तोच. बदललं ते समोरच्या माणसाबद्दलचं गृहीत. तू मूर्ख आहेस म्हणून हे लावलंय, आणि तूही माणूस आहेस, दमशील, लक्ष उडेल, म्हणून हे लावलंय, या दोन वाक्यांत सगळा फरक आहे. मग माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर काय? यंत्राला अपमान करता येत नाही. अपमान किंवा मान यंत्र बसवणाऱ्याच्या मनात असतो.

पण मनात काय आहे ते ओळखायचं कसं? मी स्वतःपुरत्या दोन खुणा ठरवल्या आहेत.

पहिली, चूक दिसल्यावर ती कुणाला दिसते? आप्पांचा लाल दिवा फक्त आप्पांना दिसतो. महागातल्या ब्रशला अ‍ॅप असतं. कुठला कोपरा राहिला, किती वेळा दाबलं, सगळं मोबाइलवर साठत जातं. तसा ब्रश घेतला असता तर आप्पांचे दात आज नीट घासले गेले का, हे मी चाकणमध्ये बसून बघू शकलो असतो. सोयीचं झालं असतं. पण स्वतःच्या तोंडातली चूक पोराच्या मोबाइलवर जाणार, हे त्यांना रुचलं नसतं. लाईनवरच्या माणसाची प्रत्येक चूक कुठे ना कुठे नोंदली जाते. निवृत्तीनंतर निदान बेसिनपुढे तरी माणसाला बिननोंदीची चूक करता यावी.

दुसरी खूण, साधन बसवल्यावर बसवणारा परत येऊन बघतो का? इथे मी नापास झालो.

ब्रश आला, मी आप्पांना शिकवला. मूठ जाड असल्यामुळे डाव्या हातात नीट बसला. हात हलवायचा नाही, फक्त धरायचा, हे त्यांना आवडलं. पहिल्या दिवशी दोन मिनिटं पूर्ण झाल्यावर त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. अनेक आठवड्यांत पहिल्यांदा त्यांनी डोळे उघडे ठेवून दात घासले होते. मला बस मिळाली. बसमध्ये मी स्वतःवर खूश होतो. आप्पांना स्वावलंबी केलं, असं ट्रेनी पोराला सांगितलं.

पुढे वाचताना कळलं, की हे यंत्र मुळात अशाच हातांसाठी निघालं होतं. ब्रॉक्सोडेंट नावाचा पहिला इलेक्ट्रिक ब्रश १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये बनला. ज्यांचे हात नीट चालत नाहीत किंवा ज्यांच्या दातांना तारा आहेत अशा रुग्णांसाठी. ज्या वर्षी पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेच हे वर्ष. अधू हातांसाठी निघालेली वस्तू पुढे धडधाकट हातांना चार मोड लावून विकली गेली, आणि फिरून आमच्या घरात मूळ कामाला आली. हे वाचून मी आणखीच खूश झालो.

तीनेक आठवड्यांनी एका रात्री आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "ह्यांच्या गालात दुपारची भाजी तशीच आहे. कालही होती."

उजवी बाजू बधिर होती. त्या गालात अन्न अडकलं तर आप्पांना कळत नव्हतं. ब्रश रोज दोन मिनिटं इमानदारीत चालत होता, दर तीस सेकंदांनी खूण करत होता, पण आप्पांचा डावा हात उजवीकडे मागपर्यंत पोचतच नव्हता. टायमर वेळ मोजतो. ब्रश कुठे आहे हे त्याला माहीत नसतं. डॉक्टरांना विचारलं तर ते गंभीर झाले. अशा पेशंटला गिळायला त्रास असतो, तोंडातली घाण आणि जंतू श्वासनलिकेत उतरले तर न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणाले. दात पांढरे दिसणं हा विषयच नव्हता. विषय फुप्फुसांचा होता.

आता मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट सांगतो. कारखान्यात माझं रोजचं पहिलं काम काय असतं? शिफ्ट सुरू होताना आम्ही एक मुद्दाम खराब केलेला पार्ट मशीनमध्ये घालतो. पोका-योकेने तो अडवला तरच लाईन सुरू करायची. चूक पकडणारं साधन स्वतः चुकत नाही ना, हे रोज तपासायचं. वर्षानुवर्षं मी हे न चुकता करतोय. घरी मात्र साधन बसवलं आणि तीन आठवडे बापाच्या तोंडात डोकावलो नाही.

का नाही डोकावलो? कारण माझा प्रश्न सुटला होता. बस मिळत होती.

कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली एक उदाहरण दिलं आहे. एक दुकानदार लहान पोरालाही जास्त भाव लावत नाही. पण का, तर दुकानाचं नाव खराब होऊ नये म्हणून. कांटच्या मते हे वागणं योग्य असलं तरी त्याला नैतिक मोल नाही, कारण ते कर्तव्य म्हणून केलेलं नाही. कॉलेजात हे वाचलं तेव्हा मला पटलं नव्हतं. पोराला माल योग्य भावात मिळाला ना, मग दुकानदाराच्या मनात काय होतं याच्याशी त्याला काय करायचंय? आप्पांना ब्रश मिळाला, हात मोकळा झाला. मी तो बससाठी घेतला की त्यांच्यासाठी, काय फरक पडतो?

त्या भाजीने फरक दाखवला. हेतूमुळे त्या दिवशीचं काम बिघडत नाही. ब्रश चांगलाच होता, तो देणंही चांगलंच होतं. पण हेतू त्यानंतरचं ठरवतो. मी आप्पांसाठी घेतला असता, तर चार दिवसांनी बघितलं असतं की त्यांचे दात स्वच्छ होतायत का. बससाठी घेतला, म्हणून बस मिळाल्यावर माझ्यापुरता विषय संपला. दुकानदाराचंही तेच होणार. नाव खराब होण्याची भीती नसेल त्या गावात तो भाव वाढवेल. मिसळलेला हेतू हे पाप नाही. आपल्यापैकी कुणाचाच हेतू निर्भेळ नसतो, आणि नोकरी टिकवणं हेही घरासाठीच असतं. फक्त स्वतःच्या सोयीला दुसऱ्याचं स्वावलंबन असं नाव दिलं, की परत जाऊन बघायची गरज वाटेनाशी होते. खोटं तिथे आहे.

आणि या तीन आठवड्यांत बघत कोण होतं? आई. तिच्या हातात कुठलाच सेन्सर नव्हता. मी यंत्राकडे काम सोपवलं असं समजत होतो. प्रत्यक्षात घासायचं काम यंत्राकडे गेलं आणि बघायचं काम न विचारता आईकडे. घरात नवं यंत्र आलं की उरलेलं काम कुणाच्या वाट्याला जातं, हे एकदा मोजून बघायला हवं.

मी आप्पांना म्हटलं, उद्यापासून पुन्हा मीच घासून देतो. ते नाही म्हणाले. जड जिभेने, पण स्पष्ट. "घासीन मी. तू इन्स्पेक्शन कर."

मग आम्ही ठरवलं. जेवणानंतर आप्पा चूळ भरतात, डावं बोट उजव्या गालात फिरवतात, आरशात बघतात. सकाळी ब्रश ते स्वतः करतात, सेन्सिटिव्ह मोडवर. मोड बदलायचा नाही, हे दोघांनाही मान्य आहे. रात्री झोपण्याआधी मोबाइलचा टॉर्च लावून मी एकदा बघतो. उजवीकडे मागे काही राहिलं असेल तर तेवढं मी काढतो. त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. ज्या दोन मिनिटांसाठी मी दोन हजार रुपये खर्च केले होते, तीच ही दोन मिनिटं, फक्त पहाटेची रात्री गेली. आता ते डोळे मिटून घेत नाहीत. कधी कधी आ केलेल्या तोंडानेच कंपनीतलं काही विचारतात. मला कळत नाही, तरी मी हो म्हणतो.

परवा तपासणी झाल्यावर त्यांनी माझ्या हातातला टॉर्च घेतला आणि म्हणाले, "आता तू आ कर."

मी आ केलं. त्यांनी डाव्या हाताने उजेड धरला, जुन्या फिटरच्या नजरेने वरखाली बघितलं. म्हणाले, "हिरड्या उतरल्यात तुझ्या. तूही दाबून घासतोस." मी अजून तीस रुपयांचा ब्रश वापरतो. त्याला दिवा नाही.